भुऱ्याची खाज आणि चिमा परटीण

नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कुसळवाडीला जायला वाट एकच होती, पाण्यातली, आणि पावसाळ्यात तीही नसायची. किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येत नाही. कुणी सात पिढ्या म्हणतं, कुणी नऊ. पण गोष्ट खोटी नाही. कारण तिच्यात गावाची बदनामी आहे, आणि स्वतःची बदनामी होईल अशी खोटी गोष्ट कुठलंच गाव इतकी वर्षं जपत नाही.

तर कुसळवाडीत भैरोबाचं देऊळ होतं. भैरोबाचं वाहन कुत्रा. म्हणून देवळात एक मानाचा कुत्रा असायचा. आधीचा मेला की गावातल्या पिल्लांतून नवा निवडायचा, त्याच्या कपाळाला गुलाल लावायचा, आणि त्या दिवसापासून तो देवाचा. दर रविवारी एकेका घराच्या पाळीनं त्याला दूध-भाकरी. भाकरी बारीक कुस्करायची, वर घट्ट दूध, वर गुळाचा खडा. कुत्रा जेवला की देवाला नैवेद्य, आणि मग माणसांनी तोंडात घास घालायचा. इथवर सगळं चांगलंच होतं.

पण गावात म्हातारी माणसंही होती.

त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं, की भैरोबा आपल्या कुत्र्याच्या अंगातून बोलतो. रविवारी दूध देवाला पोचतं, सोमवारी देव उत्तर देतो. म्हणून सोमवारी सकाळी सगळे देवळापुढं जमायचे. गुरव मोठ्यानं प्रश्न विचारायचा आणि कुत्र्याकडं बघत राहायचा. कुत्र्यानं उजव्या पायानं अंग खाजवलं, की देव हो म्हणाला. डाव्या पायानं खाजवलं, की नाही म्हणाला. पेरणी आत्ता करावी का, पोरगी त्या घरी द्यावी का, विहीर इथं खणावी का, सगळं कुत्र्याच्या मागच्या पायावर. म्हातारी माणसं शहाणी असतात असं म्हणतात. म्हणणारेही म्हातारेच असतात.

आधीच्या कुत्र्यांना कधीमधी एखादी पिसू चावायची, तेवढंच. दिवसातून एकदोनदा पाय उचलायचे. एका कौलाला कधीकधी दुपार व्हायची. मग भुऱ्या आला.

भुऱ्या मातकट रंगाचा, लांब कानांचा, माणसाच्या पायाशी अंग टेकून बसणारा कुत्रा. दीड-दोन वर्षांचा झाला आणि त्याला खाज सुटली. साधी नाही. कान, काखा, पोट, पंजे. बसला की खाजवायचा, उठला की अंग भिंतीला घासायचा, निजला की पंजे चावायचा. बोटांच्या मधली कातडी लालबुंद झाली. मानेवरचे केस गेले, पोट काळं आणि जाड पडलं, जुन्या चपलेसारखं.

आणि गाव खूश झालं.

"भैरोबा जागा झाला!" हैबती गुरव सगळ्यांना सांगत सुटला. आता एका सोमवारी चाळीस कौल सुटायचे. लांबच्या गावांहून माणसं नदी ओलांडून यायची. असं म्हणतात, की भुऱ्याच्या कानातलं रक्त देवळाच्या पायरीवर पडायचं, आणि लोक त्याला बोट लावून ते बोट कपाळाला लावायचे. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही, की या जनावराला काहीतरी होतंय.

एकीला वाटलं. ती चिमा परटीण.

चिमा लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी बिब्बा दिला. परटाच्या घरात कपड्यांवर खूण करायची ती बिब्ब्याच्या रसानं. ती काळी खूण कितीही धुतली तरी जात नाही. कुणाला एक ठिपका, कुणाला दोन, पाटलाच्या घराला फुली. चिमानं सांगितल्याप्रमाणं खुणा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत सुजले. फोड आले. आग, खाज, पाणी. तिला बिब्बा उतला होता.

सासूचं नाव कोंडाबाई. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या हातांना चाळीस वर्षांत उतला न्हाई. तुझीच कातडी राणीची व्हय गं?"

"आत्या, खरंच आग होतीया."

"कामाची आग होतीया तुला."

चिमा तीन आठवडे रडत राहिली. आणि त्या तीन आठवड्यांत तिला एक गोष्ट कळली, जी गावातल्या सगळ्या शहाण्यांना मिळून कळली नव्हती. एकच वस्तू एकाला काही करत नाही आणि दुसऱ्याला जाळते. आणि ज्याला जाळत नाही, त्याला दुसऱ्याचं जळणं खरं वाटत नाही. पुढं ती बिब्ब्याला काडी टोचून, हाताला फडकं बांधून खुणा करायला शिकली. तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. सासू, सून आणि नदीचा घाट, एवढंच उरलं.

घाटावर भुऱ्या यायचा. खाज असह्य झाली की पळत येऊन पाण्याच्या कडेच्या चिखलात पोट टेकून पडायचा, कारण चिखल गार असतो. एक दिवस चिमानं धुणं थांबवलं आणि त्याच्याकडं बघितलं. तो पुढचा पंजा चावत होता, आणि चावता चावता रडत होता. कुत्री रडत नाहीत असं म्हणतात. ज्यांनी जवळून बघितलं नाही ते म्हणतात.

तिनं कडुनिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट होऊ दिलं आणि भुऱ्याला धुतलं. मग साध्या पाण्यानं पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं, अंगावर काही म्हणता काही राहू दिलं नाही. परटाला हे सांगावं लागत नाही. कपड्यात धुण्याचा खार राहिला तर कपडा घालणारा दिवसभर अंग खाजवत फिरतो. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं तिनं त्याला कोरडं केलं, बोटांच्या मधलंसुद्धा. पिसवा होत्या, त्या एकेक करून काढल्या. त्याचं अंग थोडं निवलं. तिनं देवळातली त्याची घोंगडी आणून उकळत्या पाण्यात घातली. आणखी थोडं निवलं. मग माळावरच्या कुसळांतून तो आला की रोज त्याचे पंजे विंचरायची. आणखी थोडं.

पण सोमवार आला की पुन्हा तेच. सोमवारी सकाळी भुऱ्या स्वतःला फाडून घ्यायचा.

मग त्या वर्षी गुरांवर खुरकूत आली. गाई-म्हशी आटल्या. दीड महिना गावात दुधाचा थेंब नाही. रविवारी भुऱ्याला पाण्यात कालवलेली भाकरी. आणि तिसऱ्या आठवड्यापासून भुऱ्या खाजवायचा थांबत आला. पाचव्या आठवड्यात कानामागं नवी लव फुटली. मग गुरं बरी झाली, दूध आलं, रविवारी भुऱ्यानं भांडं चाटून पुसून काढलं, आणि सोमवारी देवळाच्या फरशीवर त्याचा पाय पुन्हा आपटायला लागला. ढप् ढप् ढप् ढप्.

चिमा तशीच ओल्या हातांनी देवळात गेली.

"गुरवबाबा, भुऱ्याला दूध उततंय."

"काय उततंय?"

"दूध. बिब्ब्यावाणी. तुमच्या-माझ्या अंगी लागतं, त्याच्या न्हाई. दूध बंद करा, तो निवंल."

हैबतीनं पारावरच्या म्हाताऱ्यांकडं बघून टाळी दिली. "ऐकलं का! दूध म्हणं उततं! अगं परटिणी, दूध चुलीवर उतू जातं, कुत्र्याला उतत न्हाई. आमची हयात गेली इथं."

"तुमची हयात गेली म्हणून त्याची घालवायची व्हय?"

रामोजी पाटील तिथंच बसला होता. तो म्हणाला, "तू धुणी धू. देवाचं आम्ही बघतो."

"देवाचं न्हाई, कुत्र्याचं म्हणते मी."

"त्यात काय फरक हाय?"

"हाय की," चिमा म्हणाली. "देवाला खाज सुटत न्हाई."

तिला हाकलून दिलं. पण ही गोष्ट विहिरीवर पोचली, चुलीपाशी पोचली. पाटलाची सून होती गोजरा. तिच्या तान्ह्या पोराच्या अंगावर एकदा चट्टे उठले होते, तेव्हा दुपट्यात राहिलेला खार चिमानंच शोधून काढला होता. गोजरा घाटावर आली, इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाली, "चिमाबाई, भाताची पेज दुधासारखीच दिसती की."

बस्स. पुढच्या रविवारी पाळी पाटलाच्या घरची होती. गोजरानं भाकरी कुस्करली, वर पांढरीशुभ्र पेज ओतली, गूळ ठेवला, भांड्यावर पदर झाकून देवळात नेलं. हैबतीनं लांबून बघितलं आणि मान डोलावली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरं घर, मग तिसरं. एका बाईनं दुसरीला सांगितलं आणि कुठल्याच बाईनं कुठल्याच पुरुषाला सांगितलं नाही. बारा रविवार. गावाच्या साऱ्या इतिहासात एवढं मोठं गुपित कुणी पाळलं नसेल.

भुऱ्या भरत गेला. मानेवर केस आले, पोटावरची जुनी चामडी मऊ पडली. असं म्हणतात, की एका सकाळी तो घाटावर आला, चिमाच्या पायाशी अंग टेकलं आणि झोपला. नुसता झोपला. पंजा चावला नाही, कान हलवला नाही. आपटण्याच्या आवाजानं तो जागा होईल म्हणून चिमानं कपडे दगडावर आपटलेच नाहीत. सूर्य डोक्यावर आला, कलला, भुऱ्या झोपलेलाच. त्या दिवशी अख्ख्या गावाचे कपडे न धुता राहिले. कोंडाबाईनं घरी शिव्या घातल्या, चिमानं त्या हसत ऐकल्या.

"बरा झाला गं!" गोजरा म्हणाली.

"बरा न्हाई झाला," चिमा म्हणाली. "खाज खाली बसलीया. दूध पाजलं की उठंल, कुसळ रुतलं तरी उठंल. ही जायची न्हाई. हिला जन्मभर सांभाळायची."

आणि मग चैत्रातली जत्रा आली.

जत्रेच्या सोमवारी वर्षाचा कौल असायचा, पावसाचा. अकरा गावांची माणसं जमली. हैबतीनं अंगात बाराबंदी घातली, डोक्याला नवं पागोटं बांधलं आणि गर्जना केली, "भैरोबा, यंदा पाऊस पाडशील का?"

भुऱ्यानं त्याच्याकडं बघून शेपूट हलवली.

हैबतीनं पुन्हा विचारलं. भुऱ्यानं जांभई दिली. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो फरशीवर उताणा झाला, चारी पाय वर केले आणि पोट उन्हात धरलं. सुखी कुत्रं तुम्ही पाहिलं असेल, तसं.

"गुदगुल्या करा," एक म्हातारा म्हणाला.

"काडीनं कान टोचा," दुसरा म्हणाला.

हैबतीनं काडी घेतली, वाकला. भुऱ्यानं त्याचा हात चाटला. मागून परगावचा एक जण ओरडला, "अरे, तुमचा देव झोपलाय का मेलाय?" आणि अकरा गावं हसली.

त्या हसण्यानं सगळा घात केला. पाऊस पडला नसता तर म्हाताऱ्यांनी सोसलं असतं. हसणं त्यांना सोसत नाही.

त्याच दिवशी चावडीत सगळ्यांना उभं केलं. देव का बोलत नाही, कुणी काय विटाळ केला? बाया खाली बघत राहिल्या. तेव्हा कोंडाबाई पुढं आली. तिला सुनेचा राग नव्हता, भीती होती. उभा जन्म तिनं गावाला भिऊन काढला होता आणि ते भिणं तिला शहाणपण वाटत होतं. म्हणाली, "माझ्या घरावर देवाचा कोप नको. दुधाच्या जागी पेज दिली. माझ्या सुनंनं सांगितलं तसं."

पाटलानं विचारलं, "कुणी कुणी दिली पेज?"

चिमानं एकदा गोजराकडं बघितलं. गोजराच्या कडेवर पोर होतं, तिची नजर जमिनीवर. चिमा म्हणाली, "मी सांगितलं. चूक म्हणायची तर माझी. पण एकानं तरी उठून त्या कुत्र्याच्या अंगावरनं हात फिरवा. केस बघा. कातडी बघा. मग मला काय करायचं ते करा."

कुणी उठलं नाही. बघून यायला देऊळ चावडीपासून पन्नास पावलांवर होतं. पन्नास पावलं.

शिक्षा ठरली ती अशी. देवाचं बारा रविवारचं दूध बुडालं, ते फेडायचं. सात दिवस, रोज सात घरचं दूध भुऱ्याला. तोवर त्याला साखळीनं खांबाला बांधायचं आणि परटिणीनं देवळात पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या दिवशी भुऱ्या शेपूट हलवत सगळं प्याला. कुत्र्याला दूध आवडतं. त्याला काय माहीत. चिमा देवळाच्या भिंतीबाहेर बसून त्याचं लपलप पिणं ऐकत होती, आणि तिला त्याला हाक मारायचीसुद्धा बंदी होती. तिसऱ्या दिवशी पाय आपटायला लागला. ढप् ढप्. चौथ्या दिवशी थांबेना. पाचव्या दिवशी त्याच्या आवाजात रडणं मिसळलं. हैबती देवळाच्या दारात उभं राहून ओरडला, "देव बोलायला लागला! लागला बोलायला!" म्हाताऱ्यांनी एकमेकांना गुलाल लावला. भिंतीबाहेर चिमा स्वतःचे हात दातांनी धरून बसली होती.

आठव्या दिवशी सोमवार. पहिला प्रश्न पाटलानं सांगितला, हैबतीनं विचारला. "भैरोबा, परटिणीला गावातनं काढावं का?"

भुऱ्यानं उजव्या पायानं खाजवलं.

तो उजव्याच पायानं खाजवणार होता. साखळीनं त्याच्या मानेला उजव्या बाजूला जखम केली होती, आणि ती जखम सात दिवस उघडी होती. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आंधळे तिथं नव्हते, तिथं गावातले जाणते होते. "हो म्हणाला! देवच म्हणाला!" आणि ज्या जिवासाठी ती भांडली, त्याच्याच पायानं तिला गावाबाहेर काढलं.

चिमा निघाली तेव्हा कोंडाबाई दारात उभी होती. "भाकरी तरी घेऊन जा गं," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. चिमानं भाकरी घेतली. पाण्यात उतरली, कमरेइतक्या पाण्यातून पलीकडं गेली. काठावर चढून मागं वळली, तर पाण्यात एक मातकट डोकं तिच्याकडं येत होतं.

असं म्हणतात, की देवळातली साखळी आपोआप तुटली. बाया म्हणतात, ती गोजरानं सोडली. पुरुष म्हणतात, देवानं तोडली. पुरुषांना ऐन वेळी देवच सापडतो. भुऱ्या पोहत आला, त्याच्या मागं पाण्यात लाल रेघ उमटत होती, आणि असं म्हणतात, की ती रेघ कितीतरी वेळ वाहून गेली नाही.

पलीकडच्या काठावर खडक होता आणि खडकाखाली एक डोह. चिमा तिथं राहिली. चार वर्षं. रोज सकाळी निंबाचं पाणी, मग साधं पाणी, मग ऊन, मग बोटांच्या मधे फडकं. रोज पंजे विंचरायचे. ज्वारीची भाकरी आणि पेज, तिसरं काही नाही. कधी खाज आठवडाभर उठायची नाही, कधी काहीच कारण नसताना उठायची. मग ती त्याचा पंजा आपल्या हातात घट्ट धरून बसायची, त्यानं चावू नये म्हणून. तिच्या हातांना भेगा पडल्या. पण भुऱ्या झोपायचा. अलीकडच्या काठावरून गावाला हे सगळं दिसायचं. गाव बघायचं आणि मान फिरवायचं.

मग गावातली कुत्री जायला लागली. आधी खरजेनं केस गेलेली एक कुत्री पोहत पलीकडं गेली. मग कान सडलेला एक कुत्रा. मग धडधाकटसुद्धा. हैबतीनं देवळात नवा कुत्रा बांधला, तो साखळीसकट गेला. वर्षभरात कुसळवाडीत भुंकणं उरलं नाही. मेंढक्यांची कुत्री यायची, आणि मेंढके त्यांच्या मागून. चिमा सगळ्यांना तीनच प्रश्न विचारायची. काय खातो? कुठं निजतो? कधीपासनं? उत्तर येईना तर म्हणायची, "मग तुमचं कुत्रं तुमचं न्हाई. जा, महिनाभर त्याच्याकडं बघा, आणि या." एकदम सगळं बदलायची नाही. आज एक वस्तू बंद, महिनाभर बघायचं, मग दुसरी. असं म्हणतात, की एकदा खाजेनं बेजार झालेला लांडगा तिथं आला, आणि मेंढका, मेंढरं राखणारं कुत्रं आणि तो लांडगा पाळीची वाट बघत एका रांगेत बसले. त्या दिवशी कुणी कुणाला चावलं नाही.

वैशाखातल्या एका सोमवारी भुऱ्या गेला. म्हातारपणानं नाही, वय झालं नव्हतं त्याचं. सात दिवसांच्या त्या दुधानं आणि उघड्या जखमांनी आतून जे पोखरलं होतं, ते कधी भरलंच नाही. उन्हात पडला होता, चिमाच्या पायाशी अंग टेकून. तिला उशिरा कळलं, कारण तो नेहमी तसाच शांत झोपायचा. कळल्यावर तिनं पाणी तापवलं. निंबाचा पाला घातला. त्याला धुतलं, पुन्हा साध्या पाण्यानं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. बोटांच्या मधलंसुद्धा कोरडं केलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता हे करायची काही गरज नाही. तेव्हा ती रडली. असं म्हणतात, की ते रडणं अलीकडच्या काठावर ऐकू आलं आणि चुलीवरची भांडी हलली.

जिथं तिनं त्याला पुरलं, तिथं आजही कुसळ उगवत नाही. चारी बाजूंना माळभर कुसळ, आणि मधे कुत्रं अंग मुडपून बसेल एवढी जागा मऊ गवताची.

त्याच दिवशी हैबती गुरवाला खाज सुटली.

असं म्हणतात, की आधी हात, मग मान, मग सगळं अंग. देवळाच्या खांबाला तो पाठ घासायला लागला. आणि पुढच्या सोमवारी काय झालं माहीत आहे? गाव त्याच्यापुढं येऊन बसलं. देवळात कुत्रा नव्हता ना. "गुरवबाबा, यंदा ज्वारी टाकावी का?" हैबतीनं डाव्या हातानं बगल खाजवली. "न्हाई म्हणतोय देव!"

"अरे देव न्हाई, मी! मला खाज सुटलीया! वैदाला बोलवा!"

"बोलवू, बोलवू," रामोजी पाटील म्हणाला. "आधी तेवढं पावसाचं विचारून घेऊ."

त्यांनी त्याला औषध आणू दिलं नाही. म्हणाले, देव बोलतोय तोवर बोलू द्या. चार सोमवार. पाचव्या सोमवारी तो त्यांच्यातून उठून पळाला आणि नदीत शिरला.

चिमा डोहापाशी बसली होती. हैबती तिच्यापुढं गुडघ्यांवर पडला. तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "काय खाता? कुठं निजता? कधीपासनं?"

त्यानं उत्तरं दिली. तिनं पाणी तापवलं. निंबाच्या पाण्यानं त्याचे हात, मान, पाठ धुतली, साध्या पाण्यानं पुन्हा धुतली. त्याला थंडावा वाटला, तसा तो हमसून रडायला लागला. "चिमे, चुकलो. मला माफ कर."

"माफी मी द्यायची न्हाई," चिमा म्हणाली. "ज्यानं द्यायची तो तिथं पुरलाय. आणि त्याच्याकडनं आता कसला बी कौल मिळायचा न्हाई."

मग तिनं एका खरजेल्या कुत्र्याची दोरी त्याच्या हातात दिली. "ह्याला धुवा. तुमच्या हातानं. बोटांच्या मधी वाळवा. घाई करू नका."

हैबतीनं त्याला धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुत्र्याच्या अंगाकडं काही न विचारता बघत होता. कुत्रं वाळून झालं, त्यानं मान वर केली, तर चिमा नव्हती.

असं म्हणतात, की ती डोहात चालत गेली आणि पाण्यानं तिला वाट दिली. असं म्हणतात, की तळाशी ती अजून कुणाचा तरी पंजा हातात धरून बसली आहे, आणि म्हणून डोहाचं पाणी हलत नाही. खरं काय ते साधं असेल. बाई दमली होती, खडकाआड जाऊन पडली ती उठली नसेल. चार वर्षं एकटी खडकावर, आणि जाताना पाणी द्यायला कुणी नाही. हे बोलायला गावाला जड जातं, म्हणून डोह.

हैबती कुत्रं घेऊन गावात परतला. देवळात पुन्हा कधी कुत्रा बांधला नाही. पण झालं ते चावडीत उभं राहून सांगायला त्यानं तीन वर्षं लावली. तीन वर्षं! तोवर कोंडाबाई सुनेची वाट बघत नदीकडं तोंड करून मेली.

आता तिथं पूल आहे. चिमाला आता गाव चिमाई म्हणतं. आपणच हाकलून दिलेल्या बाईला मागाहून आई म्हणायचं, ही गावाची जुनी खोड. पण एक गोष्ट कुसळवाडी अजून करते, आणि ती करते तोवर तिला फार शिव्या देता येत नाहीत.

जत्रेच्या आदल्या सोमवारी गावातला सगळ्यात म्हातारा पुरुष डोहावर जातो. मग तो पाटील असो, सरपंच असो, निवृत्त मास्तर असो. गावातलं सगळ्यात खरजेलं कुत्रं बाया शोधून आणतात. म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरतो आणि त्याला धुतो. दोनदा. पाय दुखतात म्हणून चालत नाही. कुत्रं अंग झाडतं, म्हाताऱ्याच्या तोंडावर पाणी उडतं, आणि कुणी हसत नाही. मग सगळं गाव उन्हात थांबतं. कुत्रं पुरतं वाळल्याशिवाय देवळाचं दार उघडायचं नाही, देवाला काही मागायचं नाही, काही विचारायचं नाही. एखादा घाई करतोच. मग एक बाई वाकून कुत्र्याच्या बोटांच्या मधे बोट घालते, ओलं लागलं की मान हलवते, आणि सगळे पुन्हा बसतात.

शेवटी ती बाई दोरी म्हाताऱ्याच्या हातात देते. एका धुण्यानं खाज जात नाही, हे आता गावाला माहीत आहे. त्यानं ते कुत्रं घरी न्यायचं. वर्षभर सांभाळायचं, रोज, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांसमोर सांगायचं, की ते काय खातं, कुठं निजतं आणि कशानं त्याचं अंग निवतं.